नवा माणूस प्रेसवर बसवायच्या आधी त्याला काय आणि कसं शिकवायचं

सकाळी साडेआठला नवीन पोरगा गेटवर येतो, कॉन्ट्रॅक्टर त्याचं आधार कार्ड दाखवतो आणि नऊ वाजता तो पॉवर प्रेससमोर, म्हणजे पत्रा साच्यात दाबून कापणाऱ्या मशीनसमोर, स्टुलावर बसलेला असतो. मधल्या अर्ध्या तासात कुणीतरी त्याला एवढंच सांगितलेलं असतं की इथं पीस ठेव, पाय मार, पीस काढ, हात सांभाळ, आणि एका रजिस्टरवर त्याची सही घेतलेली असते, त्या पानावर वरती लिहिलेलं असतं सेफ्टी ट्रेनिंग. भोसरी घ्या, चाकण घ्या, सातपूर, वाळूज, कुठलीही एमआयडीसी घ्या, दहा-पंधरा माणसांच्या शॉपमध्ये बऱ्याच ठिकाणी हे असंच चालतं आणि मला याचा मनापासून राग येतो. "हात सांभाळ" हे काय ट्रेनिंग झालं? हात कशामुळे जातो ते त्याला कळलं पाहिजे, आणि कळलंय की नाही ते त्याने मशीनपाशी उभं राहून आपल्याला करून दाखवलं पाहिजे.

मी २२ वर्षं या लाईनमध्ये आहे, आधी हेल्पर, मग डाय सेटर, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचा) बसवणारा, आता सुपरवायझर. पहिल्या शॉपमध्ये असताना माझ्या शेजारच्या प्रेसवर एक मामा बसायचे, वयाने मोठे, हात एकदम साफ. दुपारी जेवण करून आले, तीन-चारशे पीस झाले असतील, एक पीस डायमध्ये अडकला म्हणून त्यांनी पेडलवरून पाय काढला आणि हात घातला. प्रेस आपोआप परत खाली आली. दोन बोटं. शेठ तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले की जेवण करून झोपेत होता, लक्ष नव्हतं. संध्याकाळी डाय सेटरने खालचं कव्हर खोललं तेव्हा मी बॅटरी धरून बाजूला उभा होतो. पेडल परत खेचणारी स्प्रिंग तुटलेली होती आणि तिच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली होती, गाठ मारून. ती पट्टी ढिली पडली होती. मामांचं लक्ष होतं, पाय पण काढलेला होता. ती गाठ कुणी मारली ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

म्हणून मी ट्रेनिंगची सुरुवात माणसापासून करत नाही, मशीनपासून करतो.

आधी मशीनकडे बघा

शॉपमध्ये एक चक्कर मारा आणि प्रत्येक मशीनपाशी एकच प्रश्न विचारा, इथं माणसाचा हात धोक्याच्या जागी जायची गरज पडते का. जिथं पडते तिथं आधी ती गरज काढायची, मग शिकवायचं. नाहीतर आपण माणसाला रोज दोन-तीन हजार वेळा वाघाच्या तोंडात हात घालायला लावतो आणि वर सांगतो की जरा जपून घाल.

आपल्याकडच्या जुन्या सी-फ्रेम प्रेस बहुतेक चावीच्या क्लचच्या असतात, म्हणजे फ्लायव्हील, ते बाजूचं जड चाक, सतत फिरत असतं, पेडल मारलं की चावी अडकते आणि शाफ्ट एक पूर्ण फेरा मारतो. हा फेरा एकदा सुरू झाला की मधे थांबवता येत नाही, इमर्जन्सी बटण दाबलं तरी नाही, मेन स्विच पाडला तरी नाही. बऱ्याच सुपरवायझर लोकांनाही हे नीट माहीत नसतं. त्यामुळे काय होतं, कस्टमरचा ऑडिट येतो, शेठ हजारो रुपये घालून अशा प्रेसवर लाईट कर्टन, म्हणजे डायसमोर प्रकाशकिरणांचा पडदा, बसवतात, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. पण कर्टन फक्त सिग्नल देणार की हात आत आला, आणि ऐकणारी मशीनच मधे थांबू शकत नसेल तर त्या सिग्नलचा उपयोग काय? कर्टन न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लचच्या, म्हणजे हवेवर चालणाऱ्या आणि मधेच थांबवता येणाऱ्या प्रेसला चालतो, चावीच्या प्रेसला नाही.

दोन हातांच्या बटणांचंही, म्हणजे दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक बसतो त्यांचंही, तसंच आहे. हिशोब करून बघा. प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोकची आहे, चावी अडकायची जागा एकच आहे. बटण दाबल्यावर वाईटात वाईट म्हणजे चावी अडकायलाच एक पूर्ण फेरा जाणार, म्हणजे १ सेकंद, आणि तिथून रॅम, म्हणजे पंच धरून वरखाली होणारा भाग, खाली यायला अर्धा सेकंद. दीड सेकंद झाला. सेफ्टीच्या हिशोबात हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात, म्हणजे बटणं डायपासून २.४ मीटर लांब पाहिजेत, तरच बटण सोडून हात आत पोचायच्या आधी पंच खाली आलेला असेल. आपल्याकडे ती बटणं कुठं असतात? डायपासून एका हातावर. म्हणजे माणूस बटणं सोडून अडकलेला पीस काढायला आरामात हात घालू शकतो आणि रॅम अजून यायचाच असतो.

तर चावीच्या प्रेसला खरा उपाय एकच, डायच्या भोवती फिक्स गार्ड, पुढून फक्त पीस सरकेल एवढी फट, बोट जाणार नाही. पत्रा सरकवून आत जातो, कापलेला पीस खालून किंवा मागून पडतो, हाताचं काही काम नाही. ज्या जॉबला हे जमत नाही तिथं मॅग्नेटची दांडी, नाहीतर ॲल्युमिनियमचा लांब चिमटा, चुकून मधे आला तर चिमटा चेपतो, डाय फुटत नाही, लोखंडी चिमटा देऊ नका. आणि चिमटा हा गार्डच्या जागी नाही, गार्डच्या जोडीला आहे, चिमटा सांगूनही माणूस घाईत हातच घालतो हे मी शंभरदा बघितलंय.

पेडलला वरून आणि बाजूने कव्हर पाहिजे, वरून पाना पडला किंवा कुणाचा पाय चुकून लागला तर स्ट्रोक मारला जाऊ नये म्हणून. आणि ती स्प्रिंग. जिथं ताणाची स्प्रिंग आहे ती काढून दाबाची, म्हणजे कॉम्प्रेशन स्प्रिंग, रॉडवर घालून बसवा. ताणाची स्प्रिंग तुटली की पेडल परत येतच नाही, प्रेस मारतच राहते. दाबाची तुटली तरी तिचे तुकडे रॉडवरच राहतात आणि थोडं तरी काम करतात. चार-पाचशे रुपयांचं काम आहे, मामांच्या प्रेसवर ते कुणी केलं नव्हतं.

एवढं झालं की मग माणसाला बोलवा.

पहिले दोन तास, प्रॉडक्शन शून्य

शेठला आधीच सांगून ठेवायचं की नवीन माणूस आला की पहिल्या दिवसाचे दोन तास त्याच्याकडून एकही पीस मागायचा नाही. हे भांडूनच मिळतं, पण मिळतं.

ट्रेनिंग ऑफिसमध्ये घेऊ नका, पीपीटी तर अजिबात नको. मशीनपाशी घ्या, जिथं तो बसणार त्याच मशीनपाशी, आणि एका वेळी एक किंवा दोनच माणसं. भाषा त्याची. आमच्याकडे निम्मी पोरं बिहार-यूपीची, काही ओडिशाची, काही लातूर-नांदेडकडची, मग मी हिंदीत सांगतो आणि त्याच्या गावाकडचा एखादा जुना ऑपरेटर असेल तर त्याला बाजूला उभा करतो, कारण पहिल्या दिवशी पोरगा सुपरवायझरसमोर घाबरलेला असतो. "समझ गया?" विचारलं की "हाँ सर" येणारच, त्याला काहीच कळलेलं नसलं तरी येणार. म्हणून तो प्रश्नच विचारायचा नाही. म्हणायचं, "दाखव बघू."

मी कसं करतो ते सांगतो. प्रेस चालू करतो, फ्लायव्हील स्पीडला येऊ देतो, मग मोटर बंद करतो आणि त्याला विचारतो, मशीन बंद आहे का? तो म्हणतो बंद. मग मी चिमट्यात एक पत्र्याचा तुकडा धरून डायवर ठेवतो, हात मागे, आणि पेडल मारतो. धाडकन पीस कटतो. पोराचं तोंड बघण्यासारखं होतं. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हीलमध्ये एक-दोन स्ट्रोकचा दम बाकी असतो, हे दहा वेळा सांगून डोक्यात जात नाही ते एका धाडकन आवाजाने जातं. मग त्याला घड्याळ लावून मोजायला लावतो की मोटर बंद केल्यापासून फ्लायव्हील पूर्ण थांबायला किती वेळ लागला, आणि तो आकडा त्यालाच खडूने प्रेसच्या बॉडीवर लिहायला लावतो. प्रत्येक प्रेसचा वेगळा येतो. तो आकडा संपेपर्यंत डायला हात लावायचा नाही.

दुसरं, खडू आणि हातमोजा. जुना कॉटनचा हातमोजा घ्यायचा, त्याच्या बोटांत शाळेतले खडू घालायचे, काठीला बांधायचा आणि डायमध्ये ठेवून स्ट्रोक मारायचा. मोजा बाहेर काढून त्या पोराच्या हातात द्यायचा, त्यालाच उलटा करायला सांगायचं. आतून पावडर पडते. मी त्या वेळी काहीच बोलत नाही. एकदा एक पोरगा ती पावडर हातात घेऊन बराच वेळ उभा होता, मग त्याने विचारलं "सर, इसका गार्ड किधर है?" त्या दिवसापासून मी हे कधी चुकवलं नाही.

मग पार्टची नावं, रॅम, पंच, डाय, क्लच, ब्रेक, फ्लायव्हील, पेडल, आणि प्रत्येकाला हात लावून, मशीन पूर्ण थांबलेली असताना. मग सकाळच्या पाच गोष्टी ज्या त्याने रोज पहिल्या पीसच्या आधी बघायच्या: गार्ड जागेवर आणि बोल्ट टाईट, पेडल दाबून सोडल्यावर पटकन वर येतं का, पीस न ठेवता एक स्ट्रोक मारल्यावर रॅम वरतीच थांबतो का की घसरतो की दुसरा स्ट्रोक मारतो, डायचे क्लॅम्प ढिले नाहीत ना, आणि पायाखाली तेल किंवा स्क्रॅप नाही ना. रॅम वरच्या टोकाला नीट थांबत नसेल तर ब्रेक गेलाय, प्रेस तिथंच बंद, मेंटेनन्सवाल्याला बोलवायचं. यातला तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, डबल स्ट्रोक असाच पकडला जातो, आणि एकदा जरी मशीनने स्वतःहून दुसरा स्ट्रोक मारला तर "एकदाच झालं" म्हणून सोडायचं नाही.

हे सगळं झाल्यावर त्याने मला शिकवायचं. मी नवीन पोरगा आणि तो उस्ताद. मी मुद्दाम चुका करतो, अडकलेल्या पीसला हात घालायला जातो, गार्डचा बोल्ट ढिला सोडतो, आणि बघतो तो मला अडवतो का. अडवलं तर पास. नाही अडवलं तर उद्या परत, आज पॅकिंगला बस. त्यानंतर पहिला आठवडा तो जुन्या ऑपरेटरच्या नजरेखाली, आणि नाईट शिफ्ट पहिल्या महिन्यात नाहीच.

हँड ग्राइंडर, ज्याला कुणी मशीनच समजत नाही

प्रेसला निदान लोक घाबरतात. ग्राइंडर म्हणजे घरात पण असतो, कुणीही उचलतो आणि चालवतो. फॅब्रिकेशनमध्ये मी जास्तीत जास्त डोळे आणि तोंडावरच्या जखमा यानेच बघितल्यात.

नव्या माणसाला पहिल्यांदा डिस्क वाचायला शिकवा, चालवायला नंतर. डिस्कवर स्पीड लिहिलेला असतो, ८० मीटर पर सेकंद, आणि त्याच्या बाजूला आरपीएम. ५ इंची डिस्कवर १२,२५० असतं, ७ इंचीवर ८,५००. आता ग्राइंडरची प्लेट वाचा, ५ इंची ग्राइंडर साधारण ११,००० ने फिरतो. गोची अशी की ७ इंची डिस्कचं भोक ५ इंची ग्राइंडरच्या स्पिंडलला बरोबर बसतं. फक्त गार्ड आड येतो, मग लोक गार्ड काढतात, कारण मोठी डिस्क खोल कापते आणि जास्त दिवस चालते. म्हणजे ८,५०० ची डिस्क ११,००० वर, तिच्या कडेचा स्पीड ८० च्या जागी १०० मीटरच्या वर, आणि मधे गार्ड नाही. ती फुटली की तुकडा कुठं जाईल ते सांगायला नको. मी दोन्ही डिस्क आणि ग्राइंडर टेबलवर ठेवतो आणि पोरांनाच आकडे जुळवायला लावतो, हे गणित त्यांना लगेच कळतं, बारावी नापास असला तरी कळतं. लाकूड कापायचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणं तर डायरेक्ट बंदच, कुणी लावलेलं दिसलं तर ग्राइंडर जप्त.

चांगल्या डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ती एक्स्पायरी आहे. डिस्क रेझिनची असते, पावसाळ्यात ओल धरते, कमजोर होते. आमच्याकडे स्टोअरच्या खालच्या कप्प्यात गळक्या पत्र्याखाली अख्खा बॉक्स पडलेला असायचा आणि लोक तोच वापरत होते. आता वरच्या कोरड्या कप्प्यात, आडव्या ठेवलेल्या, जुन्या आधी संपवायच्या. जमिनीवर पडलेली डिस्क लावायची नाही, दिसायला चांगली असली तरी.

कटिंगची पातळ डिस्क फक्त कापायला, तिच्या बाजूने घासायचं नाही, ती बाजूचा दाब सहन करत नाही. कापताना पत्रा किंवा पाईप असा धरायचा की काप उघडत जाईल, मिटत जाणार नाही, काप मिटला की डिस्क चिमटली जाते आणि ग्राइंडर उसळून अंगावर येतो. साईडचं हँडल काढून एका हाताने चालवणं बंद. स्विच टेपने बांधून कायम ऑन ठेवणं बंद, हे मी सगळ्यात जास्त बघतो. नवी डिस्क लावली की बाजूला उभं राहून, समोर कुणी नसताना, एक मिनिट नुसती फिरवायची. फुटायची असेल तर बहुतेक तेव्हाच फुटते. गॉगल आणि वरून फेस शील्ड, दोन्ही. नुसता चष्मा चालणार नाही.

बेंच ग्राइंडरचं थोडक्यात: टूल रेस्ट, म्हणजे जॉब टेकवायचा आधार, आणि व्हीलमध्ये ३ मिमी पेक्षा जास्त फट नको, नाहीतर जॉब आत ओढला जातो आणि त्याच्याबरोबर बोट पण. व्हील झिजलं की रेस्ट पुढे घ्यायचा, फिरत असताना नाही. नवं व्हील बसवायच्या आधी बोटात लटकवून स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिक मुठीने हळूच ठोकायचं, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजलं तर आत चीर आहे. आपण बाजारात मडकं वाजवून घेतो ना, अगदी तसंच.

ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, कारण बाकी सगळीकडे आपण मोजे घाला म्हणून ओरडत असतो, म्हणून कारण सांगा, मोज्याचा एक धागा ड्रिलला गुंडाळला की अख्खा हात आत जातो. तसंच लांब बाही, गळ्यातला गमछा, ओढणी, मोकळे केस. बायका कामाला असतील तर साडीवर अंगाला घट्ट बसेल असा ॲप्रन आणि केस टोपीत, आणि हे त्यांना त्यांच्यातल्याच एखाद्या ताईने सांगितलेलं बरं पडतं.

आपलं कुलूप, आपली चावी

डाय बदलणे, अडकलेला पीस काढणे, बेल्ट बदलणे, तेल घालणे, या वेळचे अपघात वेगळे असतात, कारण काम करणारा एक आणि स्विच चालू करणारा दुसरा. जुने फिटर फ्यूज काढून खिशात ठेवायचे, ती सवय चांगलीच होती. आता प्रत्येक फिटर आणि डाय सेटरला एक स्वतःचं कुलूप द्या, त्यावर त्याचं नाव रंगवा, एकच चावी, ती त्याच्या खिशात. मेन स्विच खाली, कुलूप, मग स्टार्ट बटण दाबून बघायचं की खरंच बंद झालंय ना, ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि चुकून शेजारच्या मशीनचा स्विच पाडलेला असतो. मग फ्लायव्हील थांबेपर्यंत वाट, हवेची लाईन असेल तर व्हॉल्व्ह बंद करून आतली हवा सोडायची, आणि रॅमखाली ठोकळा. ठोकळ्याला साखळी लावून प्रेसलाच बांधून ठेवा, नाहीतर वेळेला सापडत नाही आणि मग लोक हाताला येईल तो लाकडाचा तुकडा घालतात.

दोन माणसं काम करत असतील तर दोन कुलपं. कुलूपवाला घरी गेला म्हणून कुलूप तोडायचं नाही, फोन करायचा, खात्री करायची, मग सुपरवायझरने स्वतः मशीनभोवती फिरून बघायचं. एकदा शिफ्ट बदलताना आमच्या एका फिटरचं कुलूप राहिलं, नाईटचा ऑपरेटर ओरडत होता की टार्गेट जाणार, मी त्याला अर्धा तास बसवून ठेवलं, फिटर निगडीवरून परत आला. त्या अर्ध्या तासाबद्दल मला ऐकून घ्यावं लागलं, परत तशी वेळ आली तर परत बसवीन.

वायरिंगबद्दल जास्त लिहीत नाही, पण ग्राइंडर आणि ड्रिलच्या वायरी थ्री पिन टॉप कापून सॉकेटमध्ये आगपेटीच्या काडीने अडकवलेल्या दिसल्या तर ते काम त्या क्षणी थांबवा. हँडटूल्सच्या बोर्डला ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, पाहिजे आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा नव्या माणसाच्या हातून दाबून घ्या, म्हणजे त्यालाही कळतं की ते कशासाठी आहे.

उचलायच्या सामानाचं एकच दाखवा, दोन पायांची स्लिंग, म्हणजे वजन हुकाला लटकवायची दोरी किंवा साखळी, जेवढी पसरट लावाल तेवढा ताण वाढतो. दोन पायांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक पायावर अख्ख्या वजनाएवढा ताण येतो, म्हणजे दोन पाय लावून फायदा काहीच नाही. दोन पोरांच्या हातात दोरी देऊन मधे पाण्याची बादली लटकवा आणि त्यांना हळूहळू लांब जायला सांगा, हाताला लगेच कळतं.

कोण चालवणार आणि कोण नाही

प्रत्येक मशीनवर एक कार्ड लावा, त्यावर फक्त त्या माणसांचे फोटो ज्यांना ती मशीन चालवता येते आणि ज्यांनी ते करून दाखवलंय. फोटो, कारण नाव सगळ्यांना वाचता येत नाही. कार्डावर फोटो नाही तर मशीनला हात नाही, मग तो शेठचा पुतण्या का असेना. १८ वर्षांखालचा पोरगा प्रेसवर नकोच, कॉन्ट्रॅक्टर आधार कार्ड दाखवतो तेव्हा जन्मतारीख स्वतः वाचा.

आणि हे कार्ड कायमचं नाही. नवीन डाय आली, नवीन जॉब आला, गार्डमध्ये बदल केला, की परत अर्धा तास. माणूस दिवाळीला, छठला गावी जाऊन महिन्याने परत आला की परत. अपघात झाला किंवा होता होता वाचला की सगळ्यांना परत, त्याच मशीनपाशी.

होता होता वाचला याची एक वही ठेवा. साधी शंभर पानी. त्यात लिहिणाऱ्याला कधीही ओरडायचं नाही, कधीही पैसे कापायचे नाहीत. पहिले दोन महिने वही कोरी राहील, कारण कुणाचा विश्वास नसतो. मी सुरुवात स्वतःच्या चुकीने केली होती, घाईत गार्ड न लावता डाय ट्रायल घेतली, असं लिहून खाली सही केली. त्यानंतर आठवड्याभरात चार नोंदी आल्या आणि त्यातली एक होती, प्रेस नंबर ३ ने आपोआप स्ट्रोक मारला. खोलून बघितली तर चावी झिजलेली होती.

यातच सगळ्यात अवघड गोष्ट येते. माणसाला मशीन थांबवायचा हक्क द्यायचा, आणि त्याने थांबवली की त्याच्यावर चिडायचं नाही. पीस रेटवर पैसे असतील तर थांबलेल्या वेळेचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत, नाहीतर तुमचं सगळं ट्रेनिंग पहिल्या पगाराच्या दिवशी संपतं. शेठ लोकांना माझी एवढीच विनंती असते की शॉपमध्ये चक्कर मारताना पहिला प्रश्न "किती पीस झाले" हा विचारू नका, गार्डकडे बघा, मग पीस विचारा. पोरं बरोबर बघत असतात तुम्ही आधी काय विचारता ते.

कायद्याचं म्हणाल तर १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ मध्ये मशीनच्या गार्डचं आणि कलम १११-अ मध्ये कामगाराला सेफ्टीचं ट्रेनिंग मिळण्याच्या हक्काचं लिहिलेलं होतं, आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेलाय. तिथं पॉवर असलेल्या कारखान्यासाठी कामगारांची मर्यादा १० वरून २० झाली, तेव्हापासून छोट्या शॉपमधले काही जण मला विचारतात की मग आता आपल्याला हे करायची गरज आहे का. तुमची प्रेस बदलली का? ती अजून चावीचीच आहे ना?

आणि ईएसआय, म्हणजे कामगार विमा. माणूस मशीनवर बसायच्या आधी त्याचं नाव चढलं पाहिजे, त्याच दिवशी, अपघात झाल्यावर धावपळ करून नाही. कमाईची क्षमता किती गेली याचा जो तक्ता कायद्यात आहे त्यात अख्ख्या अंगठ्याला ३० टक्के धरलेत आणि तर्जनीला १४. हे आकडे मी पोरांना सांगत नाही, शेठला सांगतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

वर्षातून एकदा सगळ्या मशीन तशाही धुतल्या-पुसल्या जातात, खंडेनवमीला. मग मी तोच मुहूर्त धरतो. आदल्या दिवशी दुपारनंतर प्रॉडक्शन बंद, प्रत्येक ऑपरेटर आपापली मशीन फिटरबरोबर खोलतो, चावी, स्प्रिंग, ब्रेक लायनिंग, बेल्ट, गार्डचे बोल्ट, अर्थिंगची वायर, आणि काय बदललं ते तारखेसकट कार्डाच्या मागे लिहितो. साखळी, स्लिंग आणि चेन पुलीची तपासणी मात्र सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ती वेगळी बोलवायची. जुने तुटके ग्राइंडर, चिरलेली व्हील्स, उसवलेल्या स्लिंगा, सगळं एका ढिगात काढून त्याच दिवशी हातोड्याने तोडायचं, नुसतं बाजूला ठेवलं तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी परत वापरायला घेतं. नवीन पोरांना या दिवशी मुद्दाम मशीनच्या आत डोकावू द्या, एरवी त्यांना आतलं कधी दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा, हळदी-कुंकू, नारळ, सगळं करा. फक्त झेंडूचे हार फ्लायव्हीलला, शाफ्टला आणि ड्रिलच्या चकला अडकवलेले असतात, आणि दसऱ्यानंतर पहिल्या शिफ्टला कुणीतरी तसाच स्विच टाकतो. आधी हार काढा, सगळ्या मशीनभोवती एक चक्कर मारा, मग मेन.